नवऱ्यामागून आलेलं दुखणं

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढतो, ओतूर मागे टाकून आळेफाट्यावर पुणे–नाशिक रस्त्याला छेदतो आणि बेल्ह्यात शिरतो. पुढे आणे घाट, टाकळी ढोकेश्वर, मग नगर. बेल्ह्यातूनच खाली पाबळ-शिक्रापूरवरून जेजुरीला जाणारा रस्ता फुटतो. अशा ठिकाणी बाजार भरायचाच, आणि बेल्ह्याचा बैलबाजार तर जुन्नरबाहेरही नावाजलेला. या पट्ट्यातल्या घरांचा एक पाय पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिला आहे. जुन्नर-आंबेगावच्या माणसांनी तिथे डबे पोचवले, माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली, भायखळ्याच्या आणि पुढे वाशीच्या भाजीबाजारात गाळ्यांवर रात्री काढल्या, गिरण्यांत पाळ्या केल्या. गावच्या मंडळाची खोली, खाणावळीचं जेवण, महिन्याची मनिऑर्डर आणि सुगीला, यात्रेला, दिवाळीला गावी फेरी. बायको, मुलं, म्हातारी माणसं आणि शेत गावाकडे. तालुक्याच्या कोरडवाहू पूर्व भागाला या व्यवस्थेनेच जगवलं, हे आधी मान्य करायला हवं. मुंबईच्या पैशावर विहिरी खोदल्या गेल्या आणि पोरींची लग्नं लागली.

याच व्यवस्थेच्या वाटेने, १९८६ नंतरच्या अठरा-वीस वर्षांत, महाराष्ट्राच्या गावागावांत एचआयव्ही पोचला. त्या काळाचा इतिहास सांगताना लेखणी बहुतेक वेळा कामाठीपुऱ्यात, ट्रकच्या केबिनमध्ये नाहीतर ढाब्यावर थबकते. तिथली माणसं नजरेत भरतात, त्यांच्यावर बोट ठेवणंही सोपं जातं. मला मात्र तो इतिहास घराच्या उंबऱ्याच्या आत सुरू होतो असं वाटतं. ज्या बाईने आळेफाट्याच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष जिच्या आयुष्यात नव्हता, ती या साथीत सर्वांत जास्त काळ भरडली गेली. तिची नोंद मात्र सर्वांत उशिरा झाली.

उशीर का झाला, याचं एक कारण आजाराच्या स्वभावातच आहे. एचआयव्ही स्वतःच्या नावाने क्वचितच मारतो. तो रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, त्यांच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो आणि त्या पेशी मरत जातात. धडधाकट माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. संसर्गानंतर आठ-दहा वर्षं माणूस शेतात राबतो, ओझी उचलतो, मुलं होतात. बाहेरून काहीच कळत नाही. मग आकडा २०० च्या खाली उतरतो आणि एरवी ज्या जंतूंना शरीर दाद देत नाही, ते एकेक करून डोकं वर काढतात. जिभेवर आणि घशात बुरशीचा पांढरा थर चढतो, घास उतरत नाही. महिनामहिना जुलाब थांबत नाहीत. न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी फुफ्फुसात बसते आणि चार पावलं टाकली तरी धाप लागते. मातीत आणि पारव्यांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते आणि डोकं फुटेल असं दुखतं. एका विषाणूने डोळ्याचा पडदा खाल्ला तर दृष्टी जाते.

या सगळ्यांत आपल्याकडे पहिला मान क्षयाचा. भारतात साधारण दर तीन प्रौढांमागे एकाच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडून असतात. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना आयुष्यभरात क्षय होत नाही. एचआयव्ही झालेल्या माणसाला, उपचार नसतील तर, जो धोका इतरांना उभ्या आयुष्यात असतो तो जवळपास दर वर्षी असतो. शिवाय असा क्षय फसवा निघतो. बेडक्यात जंतू दिसत नाहीत, फोटोत नेहमीचा डाग नसतो, गाठ मानेत उठते नाहीतर पाणी छातीत भरतं. बेडका निगेटिव्ह म्हणून माणूस घरी परततो आणि ताप काही उतरत नाही.

म्हणून गावात या आजाराला शेकडो नावं पडली आणि खरं नाव एकदाही उच्चारलं गेलं नाही. कोणी टीबीने गेला, कोणी काविळीने, कोणाचा ताप डोक्यात गेला, कोणाचं पोटच बिघडलं. तिशीतल्या माणसाला कमरेवर नागीण उठली की गेरूचा लेप लावून ती उतरवून घ्यायची आणि तोंड-शेपूट जुळू नये म्हणून घरच्यांनी देव पाण्यात ठेवायचे. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा मज्जातंतूत दडून राहिलेला विषाणू. तो सहसा म्हातारपणी जागा होतो. तरण्या माणसात जागा झाला तर प्रतिकारशक्ती का घसरली, हे विचारायला हवं होतं. विचारायला माहितीच कोणाकडे नव्हती.

माहिती जगाकडेही उशिराच आली. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची छोटी नोंद छापली गेली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला होता. हा न्यूमोनिया तोवर प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेली बाळं, कर्करोगाचे रुग्ण किंवा मूत्रपिंड बदललेली माणसं यांच्यातच दिसत असे. अटलांटात सँड्रा फोर्ड नावाची कर्मचारी पेंटामिडीन या दुर्मीळ औषधाच्या मागण्या हाताळायची. धडधाकट तरुणांसाठी हे औषध एकाएकी का मागवलं जातंय, हा प्रश्न तिला पडला आणि तिने तो वर कळवला. म्हणजे आजार सापडला तो त्याच्या मागून येणाऱ्या संसर्गावरून. विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ साली हाती लागला, रक्ताची चाचणी १९८५ साली आली.

जन्मजात उणिवेच्या त्या बाळांबद्दल इथेच दोन शब्द सांगायला हवेत, कारण ती आपल्याकडेही जन्मतात आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. जनुकातल्या दोषामुळे काही बाळांत संरक्षक पेशी तयारच होत नाहीत. अशा बाळाला जन्मल्यावर नेहमीसारखी बीसीजीची लस टोचली, तर लशीतला दुबळा केलेला जंतूच अंगभर पसरू शकतो. नात्यात लग्न होणाऱ्या घरांत, एकामागून एक मुलं तान्हेपणी संसर्गाने दगावत असतील तर हा संशय घ्यायलाच हवा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांचं निदान होतं. सीडी-४ पेशी मोजण्याचं जे तंत्र एड्सने देशभर पोचवलं, तेच या बाळांच्याही कामी येतं.

भारतात हा आजार पहिल्यांदा ओळखणारी बाई मराठी घरातली होती, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. मद्रासमध्ये चामड्याच्या व्यापारात असलेल्या गायतोंडे कुटुंबातली सुनीती, सात भावांची एकटी बहीण. लग्नानंतर ती सुनीती सॉलोमन झाली आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक झाली. तिची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला प्रबंधासाठी विषय शोधत होती. सॉलोमनबाईंनी तिला एचआयव्हीसाठी रक्त तपासायला सांगितलं. हा आजार परदेशातला, आपल्या संस्कृतीत तो यायचा नाही, अशी त्या वेळी सरकारपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांची खात्री होती. निर्मलाने सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रयातून धरून आणलेल्या बायकांचं रक्त गोळा केलं आणि नमुने तपासणीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. तिथे सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे बाधित निघाले. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही निकाल तोच आला. १९८६ च्या मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी ही गोष्ट विधानसभेत सांगितली.

त्याच महिन्यात मुंबईतून एड्सच्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली. त्या माणसाला अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवलं होतं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तेव्हा खोर्शेद पावरी यांच्या हाताखाली होती आणि वेल्लोरबरोबर ती या कामाचं संदर्भ केंद्र झाली. म्हणजे सुरुवातीच्या पानांवर तीन स्त्रिया आहेत, सॉलोमन, निर्मला आणि पावरी. पण त्यांनी कोणाचं रक्त तपासलं, हेही पाहायला हवं. सुधारगृहातल्या बायका नाही म्हणू शकत नव्हत्या. देशाच्या डोळ्यांपुढे पहिलं चित्र आलं ते वेश्येचं, आणि पुढली दहा वर्षं ते पुसलं गेलं नाही. हा आजार ‘तसल्या’ लोकांचा, अशी समजूत झाली. जी घरात आहे तिला काय होणार?

भीतीने कायद्याच्या अंगाने काय केलं, हे गोव्यात दिसलं. म्हापशाजवळच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं, काही न सांगता रुग्णालयात नेलं आणि तिथून जुन्या क्षयरोग इस्पितळात कोंडलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्याला वेगळं ठेवण्याचं कलम होतं. ६४ दिवस तो तिथे होता. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने त्या वेळी कलम काही रद्द केलं नाही. सुटल्यावर त्याने अशा रुग्णांसाठी संघटना उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात तो गेला. या देशात एचआयव्हीच्या रुग्णाच्या हक्कासाठी न्यायालयाच्या पायऱ्या सर्वांत आधी चढणाऱ्यांत एक आई होती, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मुंबईत डॉक्टर ईश्वर गिलाडा आणि त्यांचे सहकारी जे. जे. रुग्णालयात आणि कामाठीपुऱ्यात साथ पसरतेय असं ओरडून सांगत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतल्या पाहण्यांत दर दोन बायकांमागे एकीला संसर्ग आढळू लागला. भायखळ्याचा भाजीबाजार आणि कामाठीपुरा यांत चालत जाण्याइतकंच अंतर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा हजारो पुरुषांचं मुंबईतलं बस्तान विस्कटलं. जे गावी परतले ते रिकाम्या हाताने, जे राहिले ते मिळेल त्या कामावर. कुटुंब घेऊन राहावं एवढी जागा तेव्हाही नव्हती आणि नंतरही नाही. बायकोला गावी ठेवल्याशिवाय मुंबई परवडत नाही, हे अर्थशास्त्र आजाराच्या कितीतरी आधीचं आहे. पुरुषाच्या चारित्र्याबद्दल प्रवचन देणं मला नको वाटतं. पण जे घडलं ते असं घडलं.

ते आकड्यांत पकडलं गेलं ते आळेफाट्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर. पुणे–नाशिक रस्त्यालगतच्या भोसरीत ऑक्टोबर १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. ‘नारी’ हे तिचं इंग्रजी आद्याक्षरांनी झालेलं तेव्हाचं नाव. तिच्या डॉक्टरांनी अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची पद्धतशीर तपासणी केली. १९९५ साली छापून आलेल्या अभ्यासात २८०० रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांना एचआयव्ही होता. हा आकडा भयंकर होताच, पण खरी कलाटणी दोन वर्षांनी मिळाली.

रमण गंगाखेडकर, संजय मेहेंदळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात त्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या बाधित निघाल्या. ते अपेक्षितच होतं. उरलेल्या ३९१ जणी घरगृहस्थीच्या बायका होत्या. त्यांच्यातल्या १३.६ टक्के बाधित निघाल्या. यांतल्या बहुतेकींच्या आयुष्यात एकच पुरुष होता आणि तो नवरा होता. त्याला गुप्तरोग झालेला असणं, हाच त्यांचा मोठा धोका ठरला. १९९७ साली हा निबंध अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. त्याच्या शीर्षकातच भारतातल्या एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमधल्या संसर्गाचा उल्लेख होता. इथे मोजलं गेलं ते लग्न, आणि ते सुरक्षित नाही असं निघालं. माझ्या लेखी त्या दशकातला महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा कागद तो आहे. एकनिष्ठ राहा, आजार होणार नाही, असं भिंतीभिंतींवर रंगवलेलं असताना, एकनिष्ठ राहिलेल्या बाईलाच तो होत होता. सरकारी घोषवाक्यातला ‘तुम्ही’ पुरुष होता आणि ते वाचणारी बाई त्यात कुठेच नव्हती.

गावात याचा क्रम ठरलेला असे. मुंबईतला माणूस खंगत खंगत घरी येई. सेवा करायला बायको. त्याचे जुलाब तीच काढी, घसा धरला की पेज तीच भरवी, रात्री धाप लागली की पाठ तीच चोळी. आधी नारायणगावचे दवाखाने, मग पुण्याचं ससून, मग देवऋषी. घरातलं पशुधन कशासाठी बाजारात उभं केलं, हे बैलबाजारात कोणी विचारत नाही. मोठ्या आजारपणाला शेतकरी घरात पैसा उभा राहतो तो बैलावर, नाहीतर जमिनीच्या तुकड्यावर. वर्षभरात माणूस जाई. तेरावं झालं की कुजबुज सुरू होई. मग तिची कपबशी वेगळी होई, न्हाणी वेगळी, मुलांना शाळेत कोणी शेजारी बसवून घेत नसे. सून नवऱ्याला खाऊन बसली, हे वाक्य तिने ऐकलेलं असे. काही वर्षांनी तिलाही ताप धरे आणि आता सेवा करायला कोणी नसे. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागायच्या आत तिला माहेरी पोचवण्याची घाई बऱ्याच घरांनी केली. माहेर घेईलच असं नव्हतं.

यात आणखी एक अन्याय भरीला होता, आणि तो चांगल्या हेतूने झालेल्या कामातून आला. २००१-०२ च्या सुमारास गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी सरकारी रुग्णालयांत सुरू झाली. आईकडून बाळाला संसर्ग जाण्याची शक्यता, काहीच केलं नाही तर, तीनात एकाच्या आसपास असते. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर ७२ तासांच्या आत बाळाला तेच औषध पातळ रूपात दिलं तर ती जवळपास निम्म्यावर येते. एवढ्या स्वस्तात एवढी बाळं वाचवणारा उपाय दुसरा नव्हता. पण त्यामुळे घरात पहिली चाचणी सुनेची होऊ लागली. नवरा तपासायला तयार नसे. जिचं रक्त आधी बोललं, तिनेच आजार आणला असं ठरे. समुपदेशक म्हणून तेव्हा भरती झालेल्या मुलींनी हे दिवसातून कितीदा ऐकलं असेल. नवऱ्याला एकदा घेऊन या, एवढं एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. ही नोकरी कंत्राटी होती आणि पगार तुटपुंजा. या साथीचा इतिहास लिहिताना त्यांचं काम कुठेच येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

औषध नव्हतं असं नाही. १९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत जगाला कळलं की तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो, सीडी-४ वर चढतात आणि संसर्ग मागे हटतात. अमेरिकेत आणि युरोपात मरणाऱ्यांची संख्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरली. त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. म्हणजे बेल्ह्याच्या बाजारातल्या कितीही बैलजोड्या विकल्या तरी तो भागणार नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, देऊ केला. हे जमलं ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता बनवण्याच्या पद्धतीपुरतीच ती मर्यादित ठेवणारी त्यातली तरतूद २००५ पर्यंत टिकली. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे जीव त्या भारतीय गोळ्यांनी वाचवले. तरीही ३५० डॉलर म्हणजे सोळा हजार रुपये, आणि ते दर वर्षी, आयुष्यभर. मुंबईत तयार झालेली गोळी दीडदोनशे किलोमीटरवरच्या घरात पोचत नव्हती. घरात दोघं आजारी आणि पैसा एकापुरताच, अशा वेळी तो कोणावर खर्च होई, हे सांगायला नको.

१९९६ ते २००४ ही ती आठ वर्षं. जगात उपाय होता आणि इथे माणसं क्षयाने, बुरशीने, जुलाबाने जात होती. त्या आठ वर्षांत ज्यांनी हात दिला त्यांची नावं घ्यायला हवीत. पुण्यात बुधवार पेठेतल्या बायकांसाठी काम करणाऱ्या विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘मानव्य’ उभी केली. आणि बेल्ह्यावरून पूर्वेला जाणारा रस्ता जिथे पोचतो त्या नगरात गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ साली सुरू केलेलं ‘स्नेहालय’ वेश्यावस्तीतल्या मुलांपासून बाधित स्त्रियांपर्यंत वाढत गेलं. घरातून काढलेल्या बाईला मूल घेऊन जाता येईल अशी जागा आसपासच्या जिल्ह्यांत मोजकीच होती, त्यांतली ही एक. १९९७ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला, की काम करायला जो सक्षम आहे त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येणार नाही. त्या निकालात त्याचं नाव गुप्त ठेवून अक्षरांनी उल्लेख झाला, तोही एक पायंडा.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने सहा राज्यांतल्या आठ केंद्रांत मोफत औषध द्यायला सुरुवात केली. त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळत नसे, म्हणजे माणूस उंबरठ्यावर येईपर्यंत थांबायचं. पुढे केंद्रं वाढली, पुण्यात आली, जिल्ह्यात आली. नारायणगाव-जुन्नरची बाई पहाटेची एसटी धरून पुण्याला जाई, दिवसभर रांगेत बसे आणि महिन्याच्या गोळ्या पदराखाली घेऊन रात्री घरी येई. शेजारणीला सांधेदुखीचं कारण सांगे. सुरुवातीच्या गोळ्यांतल्या स्टॅव्हुडीनने गाल बसत, हातपाय काड्यांसारखे होत. रांगेतल्या बायका एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखू लागल्या. पुढे ते औषध बाद झालं. रोजची एकच गोळी आली आणि एप्रिल २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, चाचणी पॉझिटिव्ह आली की उपचार, असा नियम झाला. गोळ्यांबरोबर क्षय टाळायचं औषध आणि न्यूमोसिस्टिससाठी कोट्रायमोक्साझोलची साधी स्वस्त गोळीही मिळू लागली. ज्या संसर्गांनी एक पिढी नेली त्यांतले बरेचसे इतक्या कमी किमतीत थांबवता येत होते.

महाराष्ट्रात आजही सुमारे चार लाख माणसं एचआयव्हीसह जगतात. देशात सर्वांत जास्त इथेच. देशातल्या बाधितांमध्ये स्त्रिया चाळीस टक्क्यांहून अधिक आहेत. विधवा झालेल्या, एकटीने शेत आणि पोरं सांभाळणाऱ्या, गोळी न चुकवणाऱ्या हजारो बायका त्यांत आहेत. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा स्त्रीला सासरच्या सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, तिच्या मुलांच्या मालमत्तेचं रक्षण सरकारवर सोपवलं आहे आणि तिच्या संमतीशिवाय आजार उघड करायला मनाई केली आहे. संजय गांधी निराधार योजनेतही या आजाराचा समावेश आहे. विधवा म्हणून अर्ज केला तर तलाठ्यापुढे आजाराचं नाव घ्यावं लागत नाही, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं, म्हणून इथे सांगतो.

२००६ च्या अखेरीस लहान मुलांसाठी वेगळ्या मात्रेची औषधं सरकारी केंद्रांत मिळू लागली. आईकडून संसर्ग घेऊन जन्मलेली, पाच-सहा वर्षांची असताना त्या औषधांवर गेलेली मुलं आता विशी-पंचविशीत आहेत. गोळी नियमित असेल आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर तो जोडीदाराकडे जात नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झालं आहे. या मुलांची लग्नं होत आहेत. मुली गरोदरपणातही गोळी चालू ठेवतात, बाळाला जन्मापासून काही आठवडे औषध देतात आणि सांगितलेल्या तारखांना चाचण्यांसाठी नेतात. शेवटची चाचणी अठराव्या महिन्यात होते. गोळ्या न चुकवणाऱ्या आयांच्या बाळांत ती शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त वेळा निगेटिव्ह येते.